सदऱ्याचं तुटलेलं बटण

देरा, ९ मार्च १९९५

सदराशिल्पी सौ. छायेस सादर वंदन.

तू लावलेलं सदऱ्याचं बटण तुटलं, याचा तीव्र निषेध.

इथे आखातात सोमाली शेजाऱ्याच्या पुतण्याला, युसूफला, मी लिहायला शिकवतो. तेराव्या वर्षी युद्धात बंदूक धरलेला हा पोरगा काल स्वतःचं नाव लिहू शकला, म्हणून मागून जाऊन मी पाठीवर शाबासकीची थाप दिली. त्यानं गर्रकन वळून माझा गळा धरला. मग तोच बटण शोधत बसला.

“दारात अडकलं,” मी त्याच्या काकाला सांगितलं. खरं कळलं तर काका पोराला मोगादिशूला परत धाडेल.

आपल्या निनादच्या पाठीवर माझ्या वाटची थाप दे.

मला युसूफची भीती वाटत नाही गं. तिकडे त्याची बंदूक कुणीतरी जपून ठेवली असेल, तिची वाटते.

तुझा,
प्रकाश