गाऱ्हाण्यात तुझं नाव

प्रिय बाबा,

अहमदाबादच्या फळबाजाराबाहेर गाड्यांच्या रांगेत उभा आहे. माझी पहिली लांबची खेप! मागे आंब्याच्या पेट्या, आणि शेजारच्या सीटवर दाऊदचाचा घोरतोय. तुझा इतक्या वर्षांचा जोडीदार आता माझ्याबरोबर असतो. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून मोबाईलवर लिहितोय. कुठल्या पत्त्यावर पाठवणार, ते विचारू नकोस.

हो, ट्रकच. रागावलास ना?

तू मला केबिनमध्ये बसूच द्यायचा नाहीस. "चढू नको, सवय लागेल." अरे, सवय न चढताच लागली! बी.ए. झालो, रत्नागिरीत नोकऱ्या धरल्या, सोडल्या. मांडवीला समुद्राकडे तोंड करून कथा लिहिल्या, त्या मित्रांनासुद्धा कळल्या नाहीत. खुर्चीत बसलं की माझा पाय हलत राहतो. तुझाही हलायचा, जेवताना. आई ओरडायची. मग मला हे कुठून आलं असेल, सांग?

पण खरं सांगायचंय ते वेगळंच.

आपल्या अंगणात देवीची पालखी यायची त्याच दिवशी गाडी भरून निघायचं होतं. गेल्या शिमग्याला तुझा दुखवटा, म्हणून पालखी घेतली नव्हती. म्हणजे तू गेल्यानंतरची ही पहिलीच. मालकाला म्हटलं, एक दिवस पुढे ढकला. तो म्हणाला, "आंबा थांबतो काय तुझ्या शिमग्याला? नसेल जमत तर दुसरा बसवतो."

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. ह्या घरातला गडी पालखीला कधी होता?"

लागलं रे ते. लहानपणी मला वाटायचं, तू मुद्दाम चुकवतोस. वाडीतल्या पोरांचे बाप रजा काढून मुंबईहून यायचे, पालखी खांद्यावर घेऊन नाचायचे, आणि माझा बाप नेमका सुरतेला! शिमगा आणि आंबा एकाच वेळी येतात, इतकं साधं होतं. एकदा तरी समजावून सांगायचंस की! की तुला वाटलं, पोराला आपोआप कळेल?

माणगाव सोडलं आणि आईचा फोन आला. गाडी बाजूला घेतली. मागे ढोल वाजत होता.

"आबा गुरव गाऱ्हाणं घालतायत. ऐक. पहिली खेप हाय तुजी."

फोन स्पीकरवर टाकला. चाचाने खिडकीची काच वर केली. देवीला साकडं घालताना आबांचा आवाज अजून तसाच आहे, खणखणीत.

"बा देवी म्हाराजा! ह्या घरचा तुजा लेकरू सदानंद गाडी घेवन परमुलखात गेलाय. त्येच्या वाटेवर उबी ऱ्हा, त्येला सुखरूप घरला आण!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका सुरात.

आणि मग ढोल मध्येच थांबला.

बाबा, त्यांनी तुझं नाव घेतलं! इतकी वर्षं आपल्या अंगणात उभं राहून ते हेच म्हणत आले, तेच तोंडातून गेलं. कुणीतरी बायकांतून म्हणालं, "आबानू, आवो सदा नाय आता. पोराचं घ्या, पोराचं!" आबा पुटपुटले, "आरं देवा... सवय रं. चुकलं."

आई म्हणाली, "निखिल, परत घालायला सांगते हां."

मी म्हटलं, "राहू दे गो आई. असू दे तसंच."

"राहू दे काय? गाडीवर तू हायस. त्येची खेप संपली."

तिचा आवाज जराही हलला नाही. मग आबांनी परत घातलं, माझ्या नावाने. या वेळी "व्हय म्हाराजा" जरा जास्तच जोरात झालं, चूक झाकायला करतात तसं. मी हात जोडले खरे. पण वाटलं, तुला सीटवरून उठवून मी बसलो. आईचं बरोबर होतं, बाबा. तरी वाटलं.

फोन बंद झाल्यावर चाचाने काच खाली केली. मग म्हणाला, "ह्या दिवशी सदा सारखा घड्याळ बघायचा. म्हणायचा, दाऊद, आता घातलं असेल माझं गाऱ्हाणं. कुठं जेवायला थांबलो असलो तर ताटावरून उठून हात जोडायचा. एकदा तरी ऐकवायचंत की रे त्याला!"

दरवर्षी सगळी वाडी तुझं नाव घेऊन ओरडायची. मीही त्यात ओरडायचो, घसा फुटेपर्यंत. मोबाईल सगळ्यांच्या खिशात. आणि फोन लावावा, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही! तूही कधी मागितलं नाहीस. का नाही मागितलंस रे? नुसतं म्हणायचंस, फोन चालू ठेवा, मला ऐकायचंय.

ते तुझ्या नावाचं शेवटचं गाऱ्हाणं फोनवर ऐकलं कुणी, तर मी. ज्याचं होतं तो सोडून.

मी दरवर्षी पालखीला घरी असेन, असं म्हणणार नाही. आंबा काही थांबणार नाही. पण वाडीतली किती माणसं मुंबईत आहेत, दोघं बोटीवर आहेत. शिमग्याला घरी असलो तर आबांच्या शेजारी उभा राहीन, आणि ज्याचं नाव येईल त्याला फोन लावीन. आबा चिडले तरी. घरी नसलो तर हे काम आईला सांगून निघेन. नाव ज्याचं, त्याच्या कानावर ते जाईल, तो ऐकायला असेपर्यंत. एवढं नक्की करीन, बाबा.

रांग हलली. चाचाला उठवतो.

तुझ्याच सीटवरून,
निखिल