खाडीतला एक आकडा

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितेय. चौदा वर्षांपूर्वी गोराईच्या खाडीची खोली मोजायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं होतं, आणि भाड्याने घेतलेली होडी नेमकी तुमची निघाली. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुम्हाला म्हणाले होते, "तिथे मला मुलगी म्हणू नका हां." तुम्ही मासे साफ करत होतात. मान वर न करता म्हणालात, "बरा." दुसऱ्या दिवशी सबंध दिवस तुम्ही मला मॅडम म्हणालात, तेही शाळेतल्या मराठीत. मी सांगेन तिथे बांबू पाण्यात सोडायचात, आकडा ओरडून सांगायचात, मी लिहून घ्यायचे. चार मीटर, सव्वाचार, चार. मग मी न सांगताच तुम्ही होडी थोडी वळवलीत आणि बांबू टेकवलात. "मॅडम, एक मीटर. इथे खडक आहे. नीट लिहा." मी लिहिलं.

ऑफिसात ते सुटे आकडे नकाशावर मांडले. मधल्या जागा कॉम्प्युटर अंदाजाने भरतो आणि उथळ पाणी फिकं, खोल पाणी गडद असे पट्टे पाडतो. गडद निळ्या पट्ट्यात तुमच्या एका आकड्याभोवती फिकट गोल उठला, डोळ्यात फूल पडावं तसा. साहेब म्हणाले, "हे काय? बोटवाल्याने काहीतरी चुकीचं सांगितलं असेल. काढून टाक ना यार, घाण दिसतंय." मला माहीत होतं की तिथे खडक आहे, कारण लहानपणी तुम्हीच मला तो ओहोटीला दाखवला होतात. पण ते सांगायचं तर तुम्ही कोण, तेही सांगावं लागलं असतं. मी आकडा पुसला. पट्टा एकसारखा निळा झाला. साहेब म्हणाले, "झकास."

पुढच्याच महिन्यात त्या नकाशावर विसंबून निघालेली एक लाँच तिथे फुटली. माणसं वाचली, पण एका बाईचा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत मला विचारलं, "बोटवाल्याने खडक सांगितला नव्हता?" मी म्हणाले, "आठवत नाही." तुमचं काम सुटलं. धक्क्यावर लोक तुमच्याशी बोलेनात. त्या आठवड्यात तुम्ही मला एवढंच विचारलंत, "मिया सांगितलंय मा तुका?" मी म्हणाले, "इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल." तुम्ही आईला म्हणालात, "इंजिन लय आवाज करता गो. तिचो दोष नाय." त्यानंतर तुम्ही होडी विकलीत. दोन पावसाळ्यांनी तुम्ही गेलात.

यंदा खाडी पुन्हा मोजली. आता टीम माझ्या हाताखाली आहे. मी होडी त्याच जागी वळवायला लावली, खडक लागला, आणि या वेळी तो नकाशावर ठेवला. बरोबरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

मी म्हणाले, "एका जुन्या बोटवाल्याने सांगितलं होतं."

बाबा, तुमचं नाव तिने विचारलं. मी म्हणाले, आठवत नाही.