प्रसेनजीतचा फेटा

६ एप्रिल, रविवार
निर्णय झाला. अकरा वर्षं प्रसेनजीत माझ्याबरोबर राहतोय आणि जगाला तो आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू वाटतो. पुरे. त्याला पुण्याची बदली आलीय. मी चारचौघांत त्याला आपला म्हटलं, तरच तो ती नाकारणार. २७ला मामांच्या राजवीरचं लग्न आहे, तिथं सांगणार. शब्द दिलाय. आईला मात्र आजच सांगतो.

७ एप्रिल
आई सांडगे घालत होती. वाळवणाच्या दिवसांत बायकांना असलं काही सांगू नये.

१५ एप्रिल
बँकेत गेलो. आता आमच्यासारख्या जोडप्यांनाही जॉइंट खातं काढता येतं, सरकारनंच सांगितलंय. प्रसेनजीत पत्रक छापून घेऊन आला होता. 'नातं' या रकान्यापाशी अडकलो. 'मित्र' लिहिलं. फारच धीट वाटलं. खोडून 'भाडेकरू' केलं. लग्नाचा कायदा झाला की नीट भरू. घरी येताच तो वरच्या खोलीत जाऊन झोपला. दमला असेल. मीही दमलोय, कागलच्या कारखान्यातली शिफ्ट करून हे सगळं करायचं म्हणजे.

२२ एप्रिल
आईपाशी विषय काढला. म्हटलं, हल्ली कोर्टात नव्या नव्या केसेस चालतात. ती म्हणाली, आपल्या कुठल्या रानाची? मग तासभर बांधाचं बोलणं झालं. तरी सुरुवात चांगली झाली.

२७ एप्रिल, दुपारी ४, कार्यालय
फेटेवाला घरच्या पुरुषांना फेटे बांधत होता. आईनं प्रसेनजीतला दंडाला धरून रांगेत आणलं. म्हणाली, ह्येला बी बांधा, घरचाच हाय. हंबीररावमामांनी विचारलं, व्हय की, पर पावणं कुणाकडनं? आई माझ्याकडं बघत राहिली. सगळेच बघत राहिले. प्रसेनजीतनं फेट्यासाठी मान जरा पुढं केली होती.
मी म्हणालो, ड्रायव्हर हाय आमचा.
मामांनी लगेच त्याला आत्याबाईंना आजऱ्याला सोडायला पिटाळलं. वेळ निभावली म्हणायची. पुढच्या लग्नात नक्की.

२९ एप्रिल
वरची खोली रिकामी. परवा आत्याबाईंना पोचवून तो घरी आला, गाडीची किल्ली आईच्या हातात दिली, तिच्या पाया पडला आणि बॅग घेऊन पुण्याला गेला. मी तेव्हा कार्यालयात आवराआवर बघत होतो, मामांकडं राहून आज परतलो. आईनं हे आज सांगितलं, तेही पाठ फिरवून. जेवण जात नाही. उन्हाळा फार आहे.

४ मे, रविवार
सतरा फोन केले, तो उचलत नाही. रेंज नसेल.
संध्याकाळी आई फोनवर हसत होती. कुणाशी, विचारलं. प्रसेनजीतशी. म्हटलं, जरा दे.
तिनं फोनवर पदर धरला आणि म्हणाली, ड्रायव्हर कशाला पायजे तुला, धैर्या? कुठं जायाचं हाय?