काटेबाईंचा दगड

१२ ऑक्टोबर

ती. अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. आम्ही दोघी सुखरूप आहोत. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून वर्षभर दगडांवर चढत हिंडणार आणि त्याचा सिनेमा करणार, असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही तीन दिवस अबोला धरलात आणि चौथ्या दिवशी दुकानातला सगळ्यात चांगला फोम कापून मला गादी शिवून दिलीत. आम्ही दोर लावत नाही. पडलं की खाली तीच. आतापर्यंत छत्तीस दगड झाले आणि मोडलं काहीच नाही, चष्मेवालीचा चष्मा सोडून. (चष्मेवाली म्हणजे कॅमेरा सांभाळणारी माझी मैत्रीण. आपल्या सोफ्याची स्प्रिंग जिने मोडली ती.)

इथे बंद पडलेल्या खाणीमागे दीड मजला उंच दगड आहे, पोट पुढे काढून उभा. चढणाऱ्यांच्या पुस्तकात त्याच्यापुढे लिहिलंय, ‘अजून कोणी चढलेले नाही.’ त्यावर पहिली मी चढणार आणि सिनेमा तिथेच संपणार. बूट बनवणारी एक कंपनी पुढचा खर्च करायला तयार आहे. सिनेमाच्या नावात ‘पहिली चढाई’ एवढे शब्द हवेत, असं त्यांचं म्हणणं.

रक्तदाबाची गोळी चुकवू नका. रागावलात तरी चालेल, पण रागावून का होईना, पत्र लिहा.

तुमची,
खार

२९ ऑक्टोबर

चि. खारीस,
अ. आ.

पत्र पोचलं. दीड मजला म्हणजे किती ते बघायला मी दुकानातल्या शिडीवर चढलो. चौथ्या पायरीवर गरगरलं. समोरच्या घड्याळवाल्याने धरून उतरवलं आणि दिवसभर सगळ्या गल्लीला सांगत सुटला. गोळी घेतो आहे.

सिनेमाबद्दल मला काही कळत नाही. पण गादीच्या कोपऱ्यांची शिवण रोज बघत जा. दोरा उसवला तर दुहेरी घाल, आणि तोपर्यंत चढू नकोस. स्प्रिंग मी बदलली. चष्मेवालीला सांग, आता खुशाल उडी मारून बस.

जीव सांभाळून राहावं, एवढं या म्हाताऱ्याचं ऐकावं.

अप्पा

६ डिसेंबर

ती. अप्पांना,
शि. सा. न.

एकोणीस दिवस मी त्या दगडावरून पडत होते. बोटांची सालं निघाली. रोज एकाच जागी गाडी अडायची. पोट ओलांडलं की उजवा हात टाकायला जागाच सापडेना.

विसाव्या दिवशी सकाळी एक बाई येऊन गादीच्या कडेला बसल्या. साठी उलटलेली, डोक्याला रुमाल. खाण चालू होती तेव्हा त्या वजनकाट्यावर कारकून होत्या, म्हणून सगळे त्यांना काटेबाई म्हणतात. त्यांनी मला दोनदा पडताना पाहिलं आणि म्हणाल्या, की पोरी, हात चुकतोय तुझा, मी चढले तेव्हा असा नव्हता टाकला. नशीब, चष्मेवालीचा कॅमेरा चालू होता!

बाविसाव्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत, साधे कापडी बूट घालून त्या चढल्या होत्या. खाली वाळूचा ढीग होता, तेवढाच आधार. तेव्हा शेजारी झाड होतं, त्यावरून उतरल्या. पुढे ते चढणाऱ्यांचं पुस्तक लिहिणारे गृहस्थ मित्रांना घेऊन दगड बघायला आले, तेव्हा यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते सगळे हसले. झाडावरून उतरलीस म्हणजे झाडावरूनच चढली असशील, म्हणाले. त्यानंतर चाळीस वर्षं काटेबाईंनी हा विषय कुणापाशी काढला नाही.

मग त्यांनी डोळे मिटले आणि बसल्या जागी हवेत चढायला लागल्या. डावी टाच कमरेएवढी वर. आणि उजवा हात वर नाही, मागे, थेट कानापाठी. म्हणाल्या, तिथे दगडाला घडी आहे, दोन बोटं जातील एवढीच, खालून दिसत नाही आणि वरूनही नाही.

अप्पा, मी गेले. टाच लावली. हात मागे नेला. घडी होती! दोन बोटं आत बसली आणि पुढच्या क्षणी मी वर. मी वर उभी राहून बोंबलत होते आणि खाली त्या दोघी गळ्यात गळा घालून रडत होत्या.

आता गोची बघा. ती घडी हाताने चाचपल्याशिवाय कळणं शक्य नाही, आणि झाड होतं त्या बाजूने तिथे हात पोचत नाही. म्हणजे पहिल्या त्याच. कंपनीचे साहेब म्हणतात, चाळीस वर्षांपूर्वीचं कोणी पाहिलंय, म्हातारीचं दृश्य काढून टाका, नाहीतर आम्ही नाही. सिनेमा अर्धा राहिलाय. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. तरी लिहा.

खार

१८ डिसेंबर

चि. खारीस,
अ. आ.

माहीत आहे तर टपालाला त्रास कशाला दिलास?

चाळीस वर्षं मी जुन्या खुर्च्या उसवतो आहे. कापड काढलं की आत आधीच्या कारागिराचे टाके दिसतात. काही इतके सुबक असतात, की कात्री लावताना हात थांबतो. त्याचं नाव कुठेच नसतं, पण टाका खोटं बोलत नाही. त्या बाईंनी डोळे मिटून तुला टाका दाखवला. आता त्यावर तू आपलं नाव घालणार असलीस, तर घरी येताना मागच्या दाराने ये.

कंपनी जाते तर जाऊ दे. दुकानामागची खोली रिकामी करून ठेवली आहे. टेबल मोठं आहे, ऊन येत नाही. दोघी तिथे बसा आणि सिनेमा जोडा. चष्मेवालीला चहा किती लागतो ते आधी कळव.

लोभ आहेच, तो असा पत्रात मावत नाही.

अप्पा

२० ऑगस्ट

ती. अप्पांना,
शि. सा. न.

तुमचे पाय सुजले नसते तर तुम्हाला उचलून आणलं असतं. ऐका आता!

सिनेमा महोत्सवाचं सभागृह गच्च भरलं होतं, लोक पायऱ्यांवर बसले होते. पडद्यावर काटेबाई डोळे मिटून हात मागे नेतात ना, तेव्हा सभागृहातले शेकडो हात आपोआप कानापाठी गेले. माझी बोटं घडीत बसली आणि माणसं खुर्च्यांवरून उठलीच. सर्वोत्कृष्ट सिनेमा आपला ठरला, अप्पा. दुकानामागच्या खोलीत जोडलेला!

मग पुढच्या रांगेतून पुस्तकवाले गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले, की त्या दिवशी सर्वांत मोठ्याने हसणारा मीच होतो, मला माफ करा. काटेबाईंनी माइक घेतला आणि म्हणाल्या, की माफी राहू दे, पुस्तक दुरुस्त करा, आणि दगडाचं नाव मी ठेवणार. त्यांनी काय ठेवावं? ‘जेवणाची सुट्टी’! हसता हसता लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नवीन आवृत्तीत तसंच छापून येणार आहे. पहिली चढाई त्यांची, दुसरी माझी.

आठवडाभरात घरी पोचते. काटेबाईही येताहेत, तुमची खोली बघायला.

खार

२३ ऑगस्ट

चि. खारीस,
अ. आ.

हे पत्र पोचायच्या आत तू पोचशील, हे मला कळतं. तरी लिहितो, कारण तोंडावर मला बोलता येणार नाही.

सकाळपासून दुकान उघडं आहे, पण काम शून्य. जो येईल त्याला बसवतो आणि सांगतो. घड्याळवाल्याला तीनदा सांगून झालं. तो म्हणाला, अहो, कळलं, तुमची मुलगी जिंकली. मी म्हटलं, नीट ऐक. माझी मुलगी दुसरी आली!

अप्पा