कालचा शेवटचा माणूस

सर,

उद्या अकरा वाजता आपल्या रक्तपेढीतल्या एका बाईंची नोकरी जाणार आहे, आणि तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली असली तरी हे सांगायला मला दुसरं कोणी सुचलं नाही. तुम्ही म्हणाल, पंडित, पुण्यातली जिवंत माणसं संपली का? संपली नाहीत. पण माझ्या ओळखीची सगळी कोथरूडात राहतात, आणि रविवारी दुपारी कोणाची कबुली ऐकून घेण्याची तिथे पद्धत नाही.

संस्कृतात एम.ए. करून संगणकाचा कोर्स केलेल्या मला तुम्ही डेटाबेस सांभाळायला घेतलंत ते, तुमच्याच शब्दांत, "याला कंटाळ्याची सवय दिसते" म्हणून. रोज साडेदहाला आदल्या दिवसाचा बॅकअप बाजूच्या जुन्या मशीनवर उतरवायचा, त्यात कालचा शेवटचा रक्तदाता शोधायचा, मग जिना उतरून त्याचा कागदी फॉर्म आणायचा. दोन्हीकडे तोच माणूस दिसला की वहीत सही. एकदा मी आळसानं खाली न जाताच "बरोबर आहे" म्हणालो. तुम्ही चष्म्यावरून पाहता. "पाहिलंत, की मानलंत?" मी ऐटीत म्हणतो, "अनुमान आहे, सर. धूर दिसतोय म्हणजे अग्नी असणारच." तुम्ही आवाज चढवत नाही. "अहो, पण धूर आजचा आहे का? जिना तिकडे आहे."

पुढे तुमच्या खुर्चीत मी बसलो आणि एकेक काम यंत्रावर सोपवत गेलो. जुन्या नोंदी हलवणं, पासवर्ड बदलणं, बॅकअप घेणं आणि तो तपासणं, सगळं आपोआप. माझा प्रोग्राम रोज पहाटे बॅकअप उतरवतो, आत रक्तदात्यांची नावं आहेत का बघतो आणि माझ्या मोबाइलवर हिरवी खूण पाठवतो. कालच्या शेवटच्या माणसाची पायरी मी गाळली. ती यंत्राला शिकवणं अवघड नव्हतं. दोन दिवसांचं काम होतं, आणि ते दोन दिवस मला जास्त वाटले.

गेल्या सोमवारी या बाईंनी, आमच्याकडे प्रोग्रामिंग करतात त्या, कर्वेनगरातल्या एका रक्तदात्याचा फोन नंबर बदलायला घेतला. आज्ञेत 'फक्त याचाच' हे सांगायचं राहिलं, आणि क्षणात सगळ्या यादीचा फोन नंबर एकच झाला. त्या गृहस्थांना दिवसभर आमचेच फोन. संध्याकाळी ते म्हणाले, "मी वर्षातून एकदा रक्त देतो. अख्ख्या पुण्याच्या वाटचं माझ्याच दंडातून काढायचं ठरलंय का?" बाई तोवर स्वतःहून माझ्या टेबलापाशी आल्या होत्या. "सर, माझ्या हातून झालं. पण बॅकअप आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. "रोज हिरवं येतं."

नव्हता. बॅकअपची डिस्क तीन महिन्यांपूर्वीच भरली होती. त्यानंतरच्या फायली नुसत्या नावाच्या, आत काही नाही. नवी प्रत उतरत नव्हती, म्हणून माझा प्रोग्राम रोज तीच जुनी प्रत उघडून बघायचा. तिच्यात नावं होती, म्हणून हिरवी खूण. कालची राख पाहून आजचा स्वयंपाक झाला असं मी तीन महिने जाहीर करत होतो. त्या तीन महिन्यांतले नंबर आता माणसं खालच्या कपाटातल्या फॉर्मांवरून हातानं भरताहेत. त्यात दुर्मिळ गटाचे रक्तदातेही आहेत, आणि त्यांची गरज पडते तेव्हा कपाट उघडत बसायला वेळ नसतो.

गुरुवारी संचालकांनी विचारलं, "यंत्रणा ठीक आहे ना? मग चूक माणसाची. अहवाल द्या." बाईंच्या घरी शाळेतली दोन मुलं आहेत, नवऱ्याचं काम सुटलेलं आहे. त्यांनी विसरलेले दोन-तीन शब्द बॅकअप असता तर अर्ध्या तासात भरून निघाले असते. एखाद्या चहापुरती नाचक्की, बस. नोकरी जायला माझी हिरवी खूण लागली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा राहिलेलं लिहून टाकतो. अहवालात बाईंचं नाव आहे आणि बॅकअपबद्दल 'तांत्रिक अडचण' एवढेच दोन शब्द आहेत. तो अहवाल मी लिहिला, आणि विशेषण कुठलं वापरावं यावर बराच विचार करून लिहिला. दुसरा लिहायला आज सकाळपासून बसलो होतो. संचालकांच्या आधी तुम्हाला लिहून पाहिलं, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही. तिकडून येईल. मला त्याची भीती वाटते, सर. आता तिकडे लिहितो.