डाव्या बाजूचा टक्स

आई, आज एका बाईंना उभं करून त्यांच्या छातीवर पेनानं रेघा ओढत होते आणि तू आठवलीस. खरं तर तुझा राग आठवला. बाई बदनापूरकडच्या. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढला, आता पाठीचा स्नायू पुढे वळवून तिथे नवा तयार करायचा आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. या रेघा आदल्या दिवशी आणि पेशंट उभा असतानाच ओढायच्या असतात, कारण टेबलावर आडवं झालं की अंग बाजूला ओघळतं आणि मापं चुकतात. हे मला मुंबईच्या सरांनी शिकवलं असं मी सगळ्यांना सांगते. सरांच्या कितीतरी आधी तू शिकवलं होतंस, मस्तगडच्या आपल्या पुढच्या खोलीत. तू आत भाकरी थापत होतीस, बाहेर ब्लाउज टाकायला आलेली बाई भिंतीला टेकून बसली होती, आणि मी सहावीतली अतिशहाणी, बसल्या जागीच तिचं माप घेऊन वहीत लिहून मोकळी झाले. तू पिठाच्या हातानं बाहेर आलीस आणि वहीचं पानच फाडलंस. "बसल्या बाईचं माप घेतंय का कुनी? उभी कर तिला. आन् आधी इचार, हात बराबर वर जातो का." परक्या बाईसमोर रागावलीस म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

माझा दवाखाना तुला बघायला मिळाला नाही, म्हणून थोडं सांगते. प्लॅस्टिक सर्जन म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं मी खरंच प्लॅस्टिक बसवते. केदारखेड्याची तुझी जाऊ मला भर लग्नात विचारती झाली, "उन्हाळ्यात ते वितळत न्हाई ना गं?" लग्न ठरलेली पोरं येतात, छाती बायकांसारखी दिसते म्हणून खांद्यावर टॉवेल टाकून येतात आणि सगळं भिंतीकडे बघून बोलतात. भाजलेल्या मानेच्या मुली येतात, नाक सरळ करायला येतात. मी हा विषय घेणार म्हटल्यावर तू फोनवर विचारलं होतंस, "म्हंजी चांगल्या मान्साला कापनार व्हय तू?" मी अर्धा तास समजावत बसले, तू नुसतं हं हं करत होतीस. आणि नंतर गिऱ्हाइकांकडून कळलं, तू सगळ्या गल्लीला सांगून राह्यली होतीस की माझी लेक मान्सं शिवती. तेव्हा मला ते कमीपणाचं वाटलं होतं. आज वाटत नाही. माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

तर आजच्या बाई. मी विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय? त्या म्हणाल्या, "मॅडम, मला काय नटी व्हायचं न्हाई. पदर जरा सरकला की माझा हात आपोआप वर जातो. बाजारात, पंगतीत, कुठंबी. तेवढा हात खाली राहावा." मी मान खाली घालून रेघ पुरी केली. पडद्याबाहेर त्यांची मुलगी उभी होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली. तिची आई कपडे घालत होती तोवर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी नर्सिंगला हाय मॅडम. दुसऱ्यांच्या आया तपासत होते, आन् माझ्या मायची गाठ मला दिसली न्हाई. कसं काय?" अशा लेकींना सांगायचं माझं एक वाक्य ठरलेलं आहे. आईनं लपवली, तुझा काही दोष नाही. इतकी वर्षं ते वाक्य मी सहज बोलत आले. आजही बोलले. पोरीचे डोळे भरले, तिनं माझा हात धरला, आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला.

कारण ते वाक्य मी पहिल्यांदा स्वतःसाठी तयार केलं होतं. तुझी शेवटची दिवाळी. मी तेव्हा सर्जरीची पदवी घेऊन संभाजीनगरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नोकरीला होते आणि प्लॅस्टिक सर्जरीच्या प्रवेशपरीक्षेला सहा आठवडे उरले होते. पुस्तकांची पिशवी घेऊन दोन दिवसांसाठी घरी आल्ते. तू नवा अंजिरी ब्लाउज घातला होतास, स्वतःच शिवलेला. छातीला गोलाई यावी म्हणून कापडाला जी चिमट घेतात ना, तो टक्स, डाव्या बाजूचा बोटभर वर सरकलेला आणि जास्त खोल होता. अख्ख्या मस्तगडात तुझ्या टक्सला तोड नव्हती, म्हणून मी टेर खेचली. "आई, आता चष्मा लाव. डावं-उजवं वरखाली झालंय बघ." तू हसलीस आणि म्हणालीस, "मशीन म्हातारी झाली माय. तिच्यासंगं मीबी." दोघी हसलो. तो ब्लाउज चुकला नव्हता. आतला गोळा कातडीला ओढून घेत होता, एक बाजू वर चढत होती, आणि तू तुझ्या त्या दिवसाच्या मापाला अगदी बरोबर कापड कापलं होतंस. शिवणात तू खोटं करूच शकत नव्हतीस.

ही ब्लाउजची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे चुकचुकतात. त्यापुढचीही सगळ्यांना पाठ आहे. परीक्षेचा निकाल लागल्याच्या तिसऱ्या दिवशी तू डबा घेऊन एकटीच बसनं संभाजीनगरला आलीस. "आधी जेव. मंग सांगते." मी जेवले, भरलं वांगं होतं, बोटं चाटून जेवले. मग तू खोलीचं दार लावलंस आणि पदर बाजूला केलास. तपासण्या झाल्या तेव्हा आजार हाडांत आणि यकृतात गेलेला होता, ऑपरेशनला काही अर्थ उरला नव्हता. "तुझी परीक्षा व्हऊ दे म्हनलं," एवढंच तू म्हणालीस. पुढची दिवाळी तू पाहिली नाहीस. तेराव्याला सगळे नातेवाईक हेच बोलत होते, मायनं लेकीसाठी लपवलं, अशी माय मिळायला भाग्य लागतं. मी खाली मान घालून ऐकत होते. त्या गर्दीत बाबा माझ्याजवळ आले आणि त्यांनी एकदाच विचारलं, "तू डाक्टर हायेस. तुला कळलं न्हाई?" मी म्हणाले, "नाही बाबा. तिनं कळूच दिलं नाही."

तेव्हापासून बाबा तुझ्यावर रागावलेले आहेत. बियाण्याच्या गोदामातून निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडेच राहायला आले. नातवंडांशी हसतात, खेळतात, पण तुझं नाव निघालं की उठून जातात. गेल्या पितृपक्षात भटजींसमोर म्हणाले, "इतकी वर्सं संसार केला, आन् मरताना मला परकं केलं तिनं." मी वाढत होते. हातातलं भांडं खाली ठेवून एक वाक्य बोलले असते तर त्यांचा निम्मा राग तुझ्यावरून उतरला असता. पण तो माझ्यावर आला असता. मी दुसऱ्या पानात भात वाढला.

ते वाक्य आता तुला सांगते, म्हणजे तुला माहीतच असलेलं तुला सांगते. त्याच दिवाळीत, अंघोळीआधी, मी तुझ्या पाठीला तेल लावत होते. तू पाटावर बसली होतीस, माझा हात पाठीवरून बगलेकडे गेला आणि तू दंड घट्ट मिटून घेतलास. "तिथं नगं. गुदगुल्या व्हतात." आई, तुला गुदगुल्या होत नव्हत्या. मी लहानपणी किती प्रयत्न केले होते, तू ढिम्म हलायची नाहीस. आणि दंड मिटायच्या आधी माझी बोटं तिथे पोचली होती. सुपारीएवढी गाठ होती, टणक, जागची न हलणारी. अशी गाठ काय असते हे त्या वर्षी मी दर आठवड्याला ओपीडीत विद्यार्थ्यांना शिकवत होते. परक्या बाईला लागली असती तर तिथल्या तिथे तपासण्या लिहून दिल्या असत्या. तुला मी म्हणाले, "बरं. दुसरा हात पुढं कर." तू वळून माझ्याकडे बघितलंस, आणि मला वाटतं, त्या क्षणी तुलाही कळलं की मला कळलंय. मग आपण दोघींनीही परीक्षेची आणि निकालाची वाट पाहिली. तेवढ्या आठवड्यांनी तू वाचली असतीस असं कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण लपवलं तू एकटीनं नव्हतं, आणि नाव मात्र तुझं एकटीचं झालं, चांगलंही आणि वाईटही. मला फार लाज वाटते, आई. तुझं मरण सहन होत नाही तितकंच पाटावरून वळून तुझं ते एकदाचं बघणंही मला सहन होत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात राहील. बाबांच्या हाती लागू नये म्हणून कुलूपही लावीन, म्हणजे बघ. आज त्या पोरीचा हात हातात असताना मी ठरवलं होतं की बस झालं, आज बाबांना सांगायचं. दुपारचे पेशंट पुढे ढकलून घरी आले. बाबा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आज जल्दी आलीस?"

मी म्हणाले, "पेशंट नव्हते."