चार रेझिस्टर आणि पिवळा दोरा

आप्पा, आधी काय घडलं ते क्रमानं सांगते.

१. गेल्या एकादशीला संध्याकाळी भजनमठात तुमचा अँप्लिफायर अभंगाच्या मधोमध बंद पडला.
२. तुम्ही बनवल्यापासून सात वर्षांत तो एकदाही बंद पडला नव्हता.
३. दोन महिन्यांपूर्वी मी त्यातले चार रेझिस्टर काढून टाकले होते.
४. मठात मी सांगितलं की व्होल्टेज कमी-जास्त झालं.
५. क्रमांक चार खोटं आहे.

हे देवनागरीत लिहिते आहे, कारण घरात ते दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. इथं तमिळ मुलखात वाढलेल्या आईला मराठी बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की तमिळच. मला अक्षरं तुमच्या डब्यांवरून आली. बाजारातल्या इतर मेकॅनिकना कळू नये म्हणून तुम्ही सगळी नावं देवनागरीत लिहायचात, आणि मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द ‘खराब’ हा होता.

मठातलं सांगते. आवाज गेल्यावर, मठात भजन चालवणाऱ्या भागवतरमामांनी टाळ खाली ठेवले आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, “काय गो, करंट गेला?”

“व्होल्टेज,” मी म्हटलं.

“पंखा फिरतोय की.”

“पंखा वेगळ्या फेजवर आहे, मामा.”

मामांनी पंख्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि टाळ पुन्हा उचलले. उरलेला अभंग माइकशिवाय झाला आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आला, हे नोंदवणं भाग आहे. पण प्रसाद वाटताना ते म्हणाले, “अय्यो, माणूस गेला, त्याचं मशीन तरी किती दिवस ओढणार? शुक्रवारी त्रिचीला जाऊन नवं घेऊन येतो. हे भंगारात देऊन टाकू.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमचं काम थकलं, असं सगळ्यांचं एकमत झालं. मी वायर गुंडाळत उभी होते. गुंडाळून झालेली वायर मी सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

ते चार रेझिस्टर मला कॉलेजपासून खुपत होते. तिसऱ्या वर्षाला असताना मी तुमच्या टेबलाशी उभी राहून तुम्हाला समजावलं होतं. साधा ट्रान्झिस्टर तापला की जास्त करंट घेतो, जास्त करंटनं आणखी तापतो, आणि शेवटी धूर निघतो. म्हणून त्याच्या पायात छोटा रेझिस्टर घालावा लागतो. तुम्ही वापरायचात तो लॅटरल मॉस्फेट हाही ट्रान्झिस्टरच, पण त्याचं तसं नाही. तो तापला की आपणच हात आखडता घेतो. मग त्याच्या पायात, म्हणजे सोर्समध्ये, रेझिस्टर कशाला? उलट पूर्ण आवाजाला जवळजवळ एक व्होल्ट त्यातच वाया जातो. मी दोन पानं लिहून दिली होती, आलेखासकट. तुम्ही आलेख उलटा धरून नीट पाहिलात आणि म्हणालात, “बरोबर आहे. पण राहू दे. घरात जावा आहेत.”

जावांचा सिद्धांत मला तोंडपाठ होता. मोठ्या आवाजासाठी एकाच जातीचे दोन मॉस्फेट शेजारी-शेजारी जोडतात. तुम्ही त्यांना जावा म्हणायचात. “एकीनं सगळी भांडी घासायची आणि दुसरीनं हळदीकुंकवाला जायचं, असं होता कामा नये.” रेझिस्टर म्हणजे सासू, जी जास्त ओढेल तिला आवरणारी. मी म्हटलं होतं की प्रत्येक मॉस्फेटला स्वतंत्र रेझिस्टर आहे, म्हणजे दोन जावांना दोन सासवा होतात, तेव्हा उपमा चुकीची आहे. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “एक होती तीच पुष्कळ होती.” विषय तिथंच संपला. आपण जिंकलो असं मी धरून चालले. तुम्ही गेल्यावर सहा वर्षं मी त्या अँप्लिफायरला हात लावला नाही. मग यंदा चैत्रात साफसफाईसाठी तो घरी आणला, आणि चार रेझिस्टर काढून तिथं तांब्याच्या तारा लावल्या. आवाज थोडा खुलला. मी खूश होते.

एकादशीनंतर उघडून पाहिलं. एका बाजूच्या जोडीतला एक मॉस्फेट जळलेला. दुसऱ्या बाजूची जोडी जिवंत होती, ती मोजली. एक जवळजवळ सगळा करंट वाहत होता आणि दुसरा नावापुरता. एकीनं सगळी भांडी घासली होती, आप्पा. दुसरी बसून होती.

मग मी घरातला जुना उघडला, ज्यावर आई सकाळी रेडिओ लावते. तो तुम्ही मठातल्याच्या आधी बनवलात. त्यात एकही रेझिस्टर नाही. दोन मॉस्फेटच्या पायांभोवती मळलेला, एकेकाळी पिवळा असलेला दोरा आहे. मोजलं, तर दोघांत करंट सारखा.

तो दोरा मी ओळखते. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत, तुमच्या वाढदिवसाला भेट म्हणून, मी तुमचं टेबल आवरलं होतं. प्लास्टिकचे खण आणले, लेबलं लावली. औषधाच्या पुड्यांमध्ये दोन-दोन मॉस्फेट हळदीच्या दोऱ्यानं बांधलेले होते. मला वाटलं, तुमची नेहमीची काहीतरी श्रद्धा. सगळे दोरे कात्रीनं कापले, एका जातीचे सगळे एका खणात ओतले, आणि दोरे केरात टाकले. तुम्ही दुकानातून आलात, खण उघडलात, बराच वेळ आत पाहिलंत. म्हणालात, “छान केलंस.” मग आत जाऊन कॉफी मागितलीत.

ते दोरे म्हणजे सारखाच करंट घेणाऱ्या, मोजून जुळवलेल्या जोड्या होत्या. आईच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला भोकं पाडून, सगळे मॉस्फेट त्याच्या बुडाला स्क्रूनं आवळून, सगळे सारखे तापल्यावर तुम्ही एकेक मोजायचात. मी त्या वेळी हॉस्टेलवर असायचे. हे सगळं मला परवा आईनं सांगितलं, त्याच पातेल्यात भाजी निथळत ठेवून. आता ते त्याच कामाचं उरलं आहे. “पुन्हा जुळवायला बसले होते,” ती म्हणाली, “पण डोळ्यांना आकडे दिसेनात. मग म्हणाले, राहू दे, सासू घालतो.”

मठातला अँप्लिफायर त्यानंतरचा. म्हणजे रेझिस्टर माझ्यामुळे आले, आणि त्यांची गरज नाही हे तुम्हाला लेखी कळवलं तेही मीच. माझी दोन पानं चुकीची नव्हती. एकट्या मॉस्फेटसाठी ती आजही बरोबर आहेत. न जुळलेल्या जोडीबद्दल त्यांत एक ओळही नव्हती, आणि तुम्ही तेवढं एक वाक्य बोलला असतात तर मला कळलं असतं. बोलला नाहीत. मीही मठात बोलले नाही. हा गुण कुठून आला, ते शोधायला मीटर लागत नाही.

हे पत्र पाठवायची सोय नाही. ‘खराब’ डब्यात ठेवते आहे. कुठलीच वस्तू पूर्ण खराब नसते म्हणून तुम्ही तो रोज उघडून बघायचात.

रेझिस्टर मी कालच परत लावले. जळलेल्याच्या जागी खणातला एक घातला आणि तीन तास पूर्ण आवाजात चालवला. अँप्लिफायर तयार आहे. शिल्लक मॉस्फेट पातेल्याला लावून मोजायला घेतले आहेत; हळदीचा दोरा आईकडून मागून घेतला, कशाला ते सांगितलं नाही. राहिलेलं काम एकच, भागवतरमामांना सांगणं, आणि ते मला जमत नाही आहे. एकादशीपासून तीन वेळा मठाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिन्ही वेळा आत पंखा फिरत होता.

शुक्रवारी ते त्रिचीला निघतील. त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू, ते गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. उत्तर आलं नाही, तर साडेपाचला मी मठात जाऊन सांगेन की पंखा आणि अँप्लिफायर एकाच फेजवर होते.

तरी पाचपर्यंत वाट बघते. उत्तर द्या.